अ‍ॅम्प मधेच बंद पडतोय? बोर्ड बदलायच्या आधी जॅक बघा

पावसाळा लागला की पुण्यात गिटार वाजवणाऱ्यांचं एकच गाऱ्हाणं, अ‍ॅम्प खरखरतो, मधेच बंद पडतो, वरून थाप मारली की परत वाजतो. माझ्या 15 वॉटच्या अ‍ॅम्पचं हेच झालं होतं, एका दुकानात सर्किट बोर्ड गेलाय, नवीनच घ्या म्हणाले. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. थाप मारून वाजतो म्हणजे कुठेतरी कॉन्टॅक्ट सुटतोय, आणि ते काम घरी होतं.

पण आधी अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा की व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला) ते बघा. व्हॉल्व्हचा असेल तर उघडूच नका, आत 300-400 व्होल्ट डीसी असतं, प्लग काढला तरी कपॅसिटरमधे साठून राहतं, जीवावर बेतेल. ट्रान्झिस्टरवाल्याचाही प्लग काढा, मोठ्या कपॅसिटरवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज उतरलंय बघा, मगच हात घाला.

उघडायच्या आधी केबल बदलून बघा, निम्म्या वेळा तिचाच दोष निघतो. मागे सेंड-रिटर्न (इफेक्ट पेडल जोडायचे दोन जॅक) असेल तर एक छोटी केबल त्या दोन्हीत जोडा, आवाज नीट आला तर रिटर्न जॅकच्या आतली पत्ती दमटपणाने काळी पडलीय असं समजा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन दहा-बारा वेळा आतबाहेर केली की बहुतेक वेळा काम होतं. नॉब खरखरत असेल तरी तेच, पॉटच्या (नॉबखालच्या पार्टच्या) फटीत थोडा फवारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचा.

आता खरी जागा, इनपुट जॅक. बोर्ड उलटा करा, टॉर्च तिरका धरा आणि जॅकचे पाय जिथे सोल्डर केलेत तिथे भिंगातून नीट बघा. पायाभोवती केसाएवढी बारीक गोल चीर दिसेल, सोल्डर चकचकीत नसून राखाडी वाटेल, माझ्या अ‍ॅम्पमधे तीनपैकी दोन पायांना तशीच होती. नुसतं वरून गरम करू नका, जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी) काढा, थोडं फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ती पेस्ट) आणि नवीन 60/40 (कथील-शिशाचं) सोल्डर मारा. आणि बाहेरचा नट घट्ट करायचा विसरू नका, तो ढिला राहिला की पिन लावताना सगळा जोर त्या सोल्डरवर येतो आणि परत चीर पडते.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घूं असा आवाज येत असेल तर फिल्टर कपॅसिटर बघा. तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, सहज मिळतात, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, प्लस-मायनस उलटं नको. जुन्या वाड्यांमधे कधी अर्थिंगच नसतं, तेही तपासून घ्या, पण घूं घालवायला अर्थची पिन कधीच कापू नका.

फ्यूज उडाला तर त्याच रेटिंगचा टाका, टी (म्हणजे सावकाश उडणारा) लिहिलेला असेल तर टीचाच. परत उडाला तर मोठा टाकू नका, तार तर नकोच. इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो, त्यात 60 वॉटचा जुना तारेचा बल्ब लावून (एलईडी चालत नाही) त्यातून अ‍ॅम्प चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बहुतेक डायोड नाहीतर आउटपुटचा आयसी (स्पीकरला आवाज देणारी चिप), लगेच बंद करा आणि तो आयसी बदलेपर्यंत स्पीकर जोडू नका, आउटपुटला डीसी आलं तर स्पीकरही जळतो.