रोज चालवायला आणि मनसोक्त पळवायला: दमदार हॅचबॅक कशी निवडावी

ताकदीचे आकडे नंतर बघा, आधी टायर बघा. होंडा सिव्हिक टाइप आरच्या (एफएल५ पिढी) टायरवर २६५/३० आर१९ लिहिलेलं असतं. यातला २६५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, १९ म्हणजे रिमचे इंच, आणि ३० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ३० टक्के, म्हणजे रिम आणि रस्त्याच्या मध्ये जेमतेम ८० मिलिमीटर रबर. टोयोटा जीआर यारिसच्या २२५/४० आर१८ मध्ये हेच ९० मिलिमीटर होतं. खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा हा एक सेंटिमीटर फार मोलाचा. रबर कमी पडलं की रिम वाकते, आतले धागे तुटून टायरला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर बदलावाच लागतो. रस्ते खराब असतील तर १९ इंचांचा मोह टाळा. फोक्सवॅगन गॉल्फ जीटीआय १८ इंची चाकांवर मिळत असेल तर तीच घ्या, दिसायला थोडी साधी वाटली तरी.

मग गिअर. रोज गर्दीतून जायचं असेल तर सुधारित आठव्या पिढीची जीटीआय सोयीची: २६५ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), सात गिअरांचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ३७४ लिटरची डिकी. टाइप आर फक्त सहा गिअरांच्या मॅन्युअलमध्ये येते, पण तिचा गिअर इतका नेमका बसतो की मोकळ्या रस्त्यावर दुसरं काही नको वाटतं. ३२९ पीएस फक्त पुढच्या चाकांवर जाऊनही स्टिअरिंग हातातून ओढलं जात नाही. पुढच्या सस्पेन्शनची खास रचना आणि यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारी यंत्रणा) हे त्याचं कारण. डिकी ४१० लिटर, पण मागे दोनच जागा. जीआर यारिस चारही चाकं चालवते, ओल्या घाटात तिच्यासारखी मजा नाही. मात्र तीन दारं आणि १७४ लिटरची डिकी. कुटुंबाची एकुलती गाडी म्हणून ती घेऊ नका.

टेस्ट ड्राइव्ह किमान अर्धा तास घ्या, गाडी थंड असतानाच सुरू करा. दहा मिनिटं गर्दीत रांगत चालवा: डीएसजी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके देतो का, मॅन्युअलचा क्लच पायाला जड जातो का, हे तिथेच कळतं. मग ओळखीच्या खराब रस्त्यावर ३०-४० च्या वेगाने न्या. जीआर यारिसच्या डॅम्परचा (धक्के शोषणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरचा) कडकपणा बटणाने बदलता येत नाही, तेव्हा पहिल्यांदा बसेल तो धक्का रोजचाच. टाइप आरमध्ये इंडिव्हिज्युअल मोड (प्रत्येक सेटिंग वेगळं निवडता येणारा) लावून इंजिन स्पोर्टवर आणि डॅम्पर कम्फर्टवर ठेवा. उंचसखल वळणांवर चाकं रस्ता सोडत नाहीत, गाडी उलट जास्त वेगात जाते. बरेच जण सगळंच कडक करून ठेवतात आणि मग गाडी उडते म्हणतात.

जुनी घेत असाल तर पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर बोट फिरवा. बाहेरची नक्षी चांगली आणि आतली गुळगुळीत असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेली आहे किंवा सस्पेन्शनचा एखादा भाग वाकलेला आहे. मॅन्युअल गाडीत चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा सरसर वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. नव्या क्लचचा खर्च किमतीतून कमी करून घ्या किंवा गाडी सोडून द्या.