जुनी कोळशाची शेगडी कशी निरखावी

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. ते ओसरल्यावर आमच्या परसातल्या खोलीतून गाळाने भरलेली आजीची शेगडी निघाली. मी ती त्याच दिवशी तारेच्या घासणीने लख्ख केली आणि तिच्यावरच्या वापराच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या. त्याची हळहळ अजून वाटते. म्हणून पहिली पायरी हीच: घासू नका. सुक्या ब्रशने माती झटका, शेगडी उन्हात पूर्ण वाळू द्या आणि सकाळच्या तिरप्या उजेडात अंगणात घेऊन बसा.

मग धातू ओळखा. लोहचुंबक इथे उपयोगाचं नाही, ते बिडाला, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाला, आणि पत्र्याला सारखंच चिकटतं. बीड जाड असतं, हाताला वाळूच्या साच्याचा बारीक रवा लागतो आणि साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथे एक पुसट रेघ सापडते. पत्र्याची शेगडी हलकी. तिच्या आत बहुतेक वेळा मातीचं लिंपण असतं. त्याने उष्णता धरून राहते आणि पत्राही लवकर जळत नाही. हे लिंपण उखडू नका.

सांगली जिल्ह्याला ओतकाम नवं नाही. 1910 साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर तयार होत. पण म्हणून प्रत्येक बिडाच्या शेगडीला तिथलं नाव चिकटवू नये. अंगावर नाव ओतलेलं असेल तरच ते धरावं.

आता बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर अंग धड आहे, बद्द आला तर कुठेतरी तडा असण्याची शक्यता आहे. बिडात कार्बन 2 टक्क्यांहून जास्त असतो. त्यामुळे ते साच्यात छान ओतलं जातं, पण ठिसूळ राहतं. तापलेल्या शेगडीवर गार पाणी पडलं की ते तडकू शकतं.

सर्वात जास्त वेळ जाळीला द्या. वर निखारा, खालून वारा, त्यामुळे शेगडीत आधी झिजते ती जाळी. मधले गज बारीक झालेत की एका बाजूचेच, ते बघा. एका बाजूचे झिजले असतील तर विस्तव रोज त्याच कडेला रचला जात असणार. जाळी बाकीच्या अंगापेक्षा नवी दिसली तर ती बदललेली समजा. तो दोष नाही, शेगडी खूप वर्षं राबल्याची ती खूण आहे. प्लसच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो 1930 नंतरच्या काळातला.

आकारही बोलतो. खाली राखेच्या तोंडाला झाकण असलेली उभी शेगडी स्वयंपाकाची, कारण झाकण सरकवून वारा कमी-जास्त करता येतो. बुटकी, पसरट आणि भांडं टेकायला उंचवटे नसलेली असेल, तर ती शेकाची असू शकते. बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवायचे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, त्यासाठी अशी शेगडी घरात असे. घरातल्या थोरल्या बायकांना विचारा. त्या एका नजरेत सांगतात. आमच्या आत्याने आजीच्या शेगडीचा वाकलेला कान बघून ती कोणत्या हाताने उचलली जायची तेही सांगितलं.

थंड देशांतल्या जुन्या शेगड्या कधी बघायला मिळाल्या तर त्यांच्या दारातल्या अभ्रकाच्या खिडक्या जरूर पाहा. काच तडकेल अशा आचेला अभ्रक टिकतं आणि आतला लाल विस्तव बाहेरून दिसतो.

एवढं बघून झाल्यावरच निगा. सुटा गंज तेवढा काढा, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि जास्तीचं तेल कापडाने पुसून घ्या. काळा रंग मात्र लावू नका, त्याखाली साच्याची रेघ आणि रवा दोन्ही बुजतात.

अंग धड असेल तर एकदा पेटवा, पण उघड्यावरच. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा घ्या, दगडी कोळसा या जाळ्यांना फार तापतो. तिन्हीसांजेला निखारा लाल झाला की खालच्या तोंडातून राखेत बघा. जाळीच्या गजांमधून लाल उजेडाच्या पट्ट्या पडतात. गज जिथे झिजलेत तिथे पट्टी रुंद असते.