थर्टीफर्स्टला वर्षाचा हिशोब मांडताय? या चुका टाळा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की सगळ्या ग्रुपवर एकच विषय, वर्ष कसं गेलं आणि पुढच्या वर्षी काय काय करणार. करावंच, त्यात वाईट काही नाही. पण बरेच जण हा हिशोब थर्टीफर्स्टच्या रात्री करायला बसतात, अर्धं लक्ष टीव्हीवर, अर्धं बिर्याणी कुठपर्यंत आली त्याच्यावर, आणि मग त्या रात्री जसा मूड असेल तसं अख्खं वर्ष चांगलं नाहीतर वाईट ठरतं. त्यापेक्षा आधीचा एखादा निवांत रविवार धरा. त्यात २०२६ हे वर्ष कॅलेंडरच्या हिशोबाने जरा वेगळं आहे, ते खाली येतंच.

नुसत्या आठवणीवर विसंबणं

कुणालाही विचारा वर्ष कसं गेलं, तो नोव्हेंबर-डिसेंबरचं सांगतो. दिवाळीत बोनस चांगला मिळाला तर वर्ष मस्त, डिसेंबरात साहेबाशी वाजलं तर वर्ष बेकार, आणि फेब्रुवारीत काय झालं होतं ते कुणाच्या बापाला आठवत नाही. यावर औषध घरातच भिंतीवर टांगलेलं असतं आणि आपण ते एक तारखेला रद्दीत टाकतो. कालनिर्णय १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलं, तेव्हापासून मराठी घरात चतुर्थी-एकादशी बघायला ते लागतंच, पण त्याच्या चौकोनांत घरातली बाई जे लिहून ठेवते ना तो खरा वर्षाचा रिपोर्ट असतो. दूध जास्तीचं घेतलं, कामवालीचे खाडे, सिलिंडर लावला ती तारीख, सोसायटीचा मेंटेनन्स, दाताचा डॉक्टर, "आई येणार". एकेक पान उलटा आणि बघा. सिलिंडर कोणत्या महिन्यात लवकर संपला म्हणजे घरात पाहुणे किती होते ते कळतं, डॉक्टरच्या तारखा कुठे दाटीवाटीने आल्यात ते दिसतं, आणि ज्या महिन्याच्या पानावर काहीच लिहिलेलं नाही तो महिना एकतर अगदी सुखाचा गेला किंवा लिहायलाही कुणाला फुरसत नव्हती, ते घरात विचारून घ्या.

घरी कॅलेंडर नसेल तर मोबाईलची गॅलरी महिन्यामहिन्याने बघा, पण तिच्यावर एकटीवर भरवसा नको. गॅलरीत लग्नं, सहली आणि केक असतात. साडेआठच्या लोकलचा फोटो कोण काढतंय.

मोठा खर्च लक्षात, बारीक गायब

फ्रीज घेतलेला सगळ्यांना आठवतो. दर महिन्याला गुपचूप कापले जाणारे दीड-दोनशे आठवत नाहीत. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट (पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी) नावाचा भाग असतो तो उघडून बघा, एकदा ट्रायल म्हणून घेतलेली आणि नंतर विसरलेली सबस्क्रिप्शनं तिथे निवांत बसलेली सापडतील. आणि इथे एक चूक भरपूर जण करतात, ॲप मोबाईलमधून डिलीट केलं म्हणजे पैसे कापायचे थांबले असं समजतात. नाही थांबत. सबस्क्रिप्शन आणि त्याचा मॅन्डेट दोन्ही कॅन्सल करावे लागतात. कार्डावरून जात असेल तर कार्डाकडेही बघा.

बारा कॉलमची एक्सेल शीट मात्र बनवू नका प्लीज. वर्षभराचं स्टेटमेंट डाउनलोड करून भाजी, रिक्षा, चहा असं वर्गीकरण करणारा माणूस मार्चच्या पानापर्यंत पोचून कंटाळतो आणि मग काहीच करत नाही. नुसतं स्क्रोल करत जा आणि जो खर्च परत करायची वेळ आली तर करणार नाही असं वाटतं त्यावर खूण करा, तेवढ्याने पण बरंच कळतं.

अजून एक, पैशाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. तुम्ही नवीन वर्षाचा गुंतवणुकीचा संकल्प सोडता तेव्हा आर्थिक वर्षाचे शेवटचे तीन महिने उरलेले असतात आणि ऑफिसात टॅक्सचे पुरावे द्या म्हणून मेल येत असतात. पीपीएफवाल्यांनी आधी खात्यात यंदा पैसे भरलेत का ते बघा, वर्षाला किमान ५०० रुपये तरी जावे लागतात नाहीतर खातं बंद पडतं आणि चालू करायला दंड भरावा लागतो. जास्तीत जास्त भरायची दीड लाखाची मर्यादापण एप्रिल ते मार्च अशीच मोजली जाते. आणि पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत टाका, व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असते तिच्यावर धरतात, म्हणजे ६ तारखेला टाकलेत तर त्या रकमेवर तो महिना फुकट.

२०२६ म्हणजे २०२५ ची झेरॉक्स समजणं

ही चूक यंदा सगळ्यात जास्त होणार. लोक मागच्या वर्षीच्या तारखा डोक्यात ठेवून पुढचं ठरवतात, आणि २०२६ मध्ये अधिक महिना आहे. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा ११ दिवस कमी, तो फरक साचत जातो आणि तीनेक वर्षांनी एक महिना जास्तीचा घालून भरून काढतात. मागचा २०२३ मध्ये श्रावणात आला होता, २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून.

याचा प्लॅनिंगशी काय संबंध? खूप. त्या महिन्यात लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीतली लग्नं एकतर १७ मेच्या आधी गर्दी करणार किंवा जूनच्या उत्तरार्धात पावसात जाणार. घरात नवीन जावई असेल तर धोंड्याचं वाण आलं, ३३ अनारसे, कपडे, जमेल तसं चांदीचं काहीतरी, तो खर्च आत्ताच बाजूला धरा, ऐन मेमध्ये शाळेची फी आणि जावई दोघं एकदमच दारात येतात.

पुढचे सण सगळे लांबतात. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आले, २०२६ ला १४ सप्टेंबरला. कोकणात जाणाऱ्यांनी हे नीट लिहून ठेवा कारण रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २०२६ ला तुमची झुंबड जुलैच्या मध्यावर, २०२५ सारखी जूनअखेरीला नाही. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर गेलंय. बोनस दिवाळीला मिळतो म्हणून ऑक्टोबरच्या हप्त्याची सोय त्यातून करणारे जे आहेत, त्यांनी आकडे परत मांडा.

तब्येतीचं "जानेवारीत बघू"

दिवाळीचा फराळ झाला, लग्नं झाली, आता नवीन वर्षात सगळं कंट्रोल करू आणि मग शुगर तपासू म्हणजे रिपोर्ट चांगला येईल, असा एक गोड हिशोब असतो. एचबीए१सी ही टेस्ट साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे चार दिवस साखर सोडून तिला फसवता येत नाही, जानेवारीच्या सुरुवातीला केलीत तर त्यात चकल्या-करंज्यांच्या दिवसांचाही थोडा हिस्सा असतो. करायची तर आत्ता करा, आणि जुना रिपोर्ट शोधून शेजारी ठेवा, एकट्या आकड्यावरून गाडी कुठल्या दिशेला चाललीय ते कळत नाही.

घरच्यांचा आढावा आपणच घेणं

"पुढच्या वर्षी तू मोबाईल कमी कर" हा संकल्प होत नाही, भांडण होतं. ज्याचं त्याने ठरवावं.

संकल्प बंद पडला तर

पहिली गोष्ट, जिमचं वर्षाचं पॅकेज जानेवारीत घेऊ नका, ऑफर कितीही भारी असली तरी. एक महिन्याचे पैसे भरा, महागात पडलं तरी चालेल, फेब्रुवारीत जाताय का बघा आणि मग ठरवा. चालायचा संकल्प असेल तर जून ते सप्टेंबर पावसात काय करणार ते आत्ताच ठरवून टाका, मुंबई-कोकणात बहुतेकांचं चालणं पहिल्या मोठ्या पावसाला सुटतं आणि मग दिवाळीपर्यंत परत बूट निघत नाहीत. जिने आहेत, घरात सूर्यनमस्कार आहेत, काहीतरी लिहून ठेवा.

आणि मोडलाच तर पुढच्या एक जानेवारीची वाट कशाला बघायची. आधी काय अडलं ते बघा. वेळ चुकीची होती का, रोज एक तास हे जास्त होतं का, असेल तर पंधरा मिनिटांवर आणा पण वार आणि वेळ ठरलेली ठेवा. नवीन सुरुवातीचा मुहूर्तच हवा असेल तर आपल्याकडे त्याची काय कमी आहे, व्यापाऱ्यांचं वर्ष दिवाळी पाडव्याला, सरकारी एक एप्रिलला, पोरांचं जूनमध्ये, आणि आपला गुढीपाडवा २०२६ ला १९ मार्चला, गुरुवारी आहे. त्या दिवशी घरात श्रीखंड असतं, त्यामुळे डाएटवाल्यांनी शुक्रवार धरावा.