भाडेकरूच्या सामानाचा विमा: आधी व्हिडिओ, मग पॉलिसी

ऑगस्ट २०२४च्या पुरात वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी समा भागातल्या आमच्या तळमजल्यावर कंबरेपर्यंत चढलं. फ्रिज आडवा तरंगत होता, सासूबाईंच्या पेटीच्या भात्यात गाळ. घरमालक काकांचा विमा होता, पण तो भिंतींचा. आमच्या ओल्या गादीशी त्याचा काही संबंध नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आता मी स्वतःचा घेतलाय. १ एप्रिल २०२१पासून विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरलेल्या अटींची पॉलिसी मिळते. तीत इमारत सोडून फक्त सामानाचा विमा घेता येतो. एजंटला हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर तो बांधकामाचं गणित मांडत बसतो. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप त्यात येतात. घरफोडी आणि दागिने वेगळे जोडावे लागतात. मी घरी गाणं शिकवते. शिकवणीच्या दोन पेट्या घरसामान की धंद्याचा माल, हे मी आधीच लेखी विचारून घेतलं.

रक्कम ठरवताना वस्तू केवढ्याला घेतली होती ते विसरा, आज नवी घ्यायला काय पडेल ते धरा. मी एका रविवारी कपाटं सताड उघडून खोलीखोलीचा व्हिडिओ केला, फ्रिजमागचा सिरियल नंबरही दिसेल असा. निम्मा दिवस स्वयंपाकघरातच गेला. पितळी पातेली, मिक्सर, दिवाळीपुरता बाहेर निघणारा सोऱ्या! बिलांचे आणि भाडेकराराचे फोटो स्वतःलाच मेल करा. कागदांची फाईल आमच्याकडे सगळ्यांत आधी भिजली.

खरी चूक होते पाणी ओसरल्यावर. समोरच्या वहिनींचा विमा होता. पण वास सहन होईना, म्हणून त्यांनी गाद्या आणि फुगलेलं कपाट दुसऱ्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत दिलं. फोटो एकही नाही. नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला तेव्हा दाखवायला भिंतीवरची पाण्याची रेघ तेवढी उरली होती. म्हणून आधी कंपनीला कळवा, दाव्याचा नंबर घ्या आणि सर्व्हेअर येईपर्यंत सामान गच्चीवर, अंगणात, कुठेही ठेवा, पण टाकू नका. चोरी असेल तर पोलिसांत एफआयआर. कंपनीने लेखी तक्रारीलाही दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही नको.