प्लायचा ओठ, फायबरच्या कमानी

स्प्लिटर म्हणजे ट्रॅकवरच्या गाडीच्या पुढच्या बंपरखाली आडवी बसवलेली फळी, हवेच्या जोराने गाडीचं नाक जमिनीला दाबणारी. माझा पहिला स्प्लिटर दीड फेरी टिकला. मी धंद्याने सुतार, त्यामुळे फळी कापण्यात चूक नव्हती. कडा गुळगुळीत, काप साफ, वर काळ्या रंगाचे दोन हात. चूक अडकवण्यात होती. आठ स्क्रू मारून मी तो खालून बंपरच्या प्लास्टिकला पकडला होता. सरळ पट्ट्यावर गाडीने वेग घेतला तशी फळी खाली ओढली गेली, तिच्यामागे बंपरही आला, पुढच्या वळणाच्या कर्बला, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याला, टोक लागलं आणि माझंच चाक माझ्याच स्प्लिटरवरून गेलं. मार्शल तुकडे गोळा करून घेऊन आला तेव्हा त्यातले स्क्रू सगळे शाबूत होते. प्लास्टिक तेवढं उपटून आलं होतं.

म्हणून इथे फळीपेक्षा ती गाडीला धरणाऱ्या ब्रॅकेटबद्दल जास्त लिहिणार आहे. त्यानंतर रुंद चाकांवरच्या फायबरच्या कमानी.

ताकद किती लागते याचा अंदाज आधी घ्या. ताशी १५० किमी वेगाला समोरून अडवलेल्या हवेचा दाब चौरस मीटरला साधारण १०६० न्यूटन भरतो, म्हणजे १०८ किलो वजन ठेवल्यासारखा. वेग दुप्पट केला की दाब चौपट. बंपरवर आपटून थांबलेली हवा स्प्लिटरच्या पुढे आलेल्या ओठावर बसते. माझा ओठ १.६ मीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर बाहेर आहे, म्हणजे वरून फार तर १४ किलो. खरा खेळ खाली आहे. फळी आणि रस्ता यांच्यातल्या अरुंद फटीतून हवा जोरात पळते, तिथला दाब पडतो आणि सगळी फळी खाली खेचली जाते. पाऊण-एक चौरस मीटरवर त्या दाबाच्या निम्मी ओढ धरली तरी वरचे चाळीस किलो झाले. त्यात कर्बचे दणके. हे सगळं चार क्लिपांवर लटकणाऱ्या बंपरने पेलावं अशी माझी अपेक्षा होती.

माझी कसोटी सोपी आहे. स्प्लिटर बसवून झाला की त्याच्या ओठावर दोन्ही पायांनी उभं राहायचं. माझं वजन ७४ किलो. करकर वाजलं तर काम अपुरं.

मालाबद्दल फार घोळ घालू नका. १२ मिमी बर्च प्लाय घ्या, पोकळ थर नसलेला. १.६ बाय ०.६ मीटरचा तुकडा आठेक किलो भरतो, कापल्यावर आणखी कमी. ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल हलकं असतं, पण ३ मिमीचं लवतं. घ्यायचंच तर ६ मिमीचं. कार्बन फायबर दिसतो देखणा आणि पहिल्या कर्बला डोळ्यांत पाणी आणतो. ट्रॅकवरचा स्प्लिटर म्हणजे पायातली वहाण, ती झिजायचीच. प्लायच्या बाहेरच्या थराचे रेषे गाडीच्या रुंदीच्या दिशेने ठेवा, कारण ब्रॅकेटच्या बाहेर लोंबणारी दोन्ही टोकं त्याच दिशेने वाकतात.

आता माप. गाडी सपाट फरशीवर उभी करा. टायरमध्ये ट्रॅकवर असते तेवढी हवा, टाकीत निम्मं इंधन, आणि सीटवर तुमच्या वजनाचं काहीतरी. मी सिमेंटची पोती ठेवतो. बंपरखाली मोठा पुठ्ठा सरकवा, बंपरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दर दहा सेंटिमीटरला खाली खूण करा. मग लवचीक पट्टी वाकवून खुणा जोडा. झाली बंपरची रेघ. तिच्या बाहेर ८ सेंटिमीटरवर दुसरी रेघ, तो ओठ. तुमच्या स्पर्धेच्या नियमांत किती बाहेर चालतो ते मात्र आधी वाचा. छाननीच्या टेबलावर करवत चालवायला लावतात. मागची कड पुढच्या चाकांपर्यंत न्या आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून चाकांपुरते अर्धगोल कापा.

उंचीचं गणित बहुतेकांचं चुकतं. ब्रेक मारल्यावर पुढचा भाग ४० मिमी दबला तर ओठही ४० मिमी खाली येतो असं वाटतं. तसं नाही. त्याच वेळी मागचा भाग उचलला जातो. समजा तो २० मिमी उचलला, दोन ॲक्सलमधलं अंतर २.४ मीटर आहे आणि ओठ पुढच्या ॲक्सलच्या ८० सेंटिमीटर पुढे आहे. मग ओठ ६० मिमी खाली जातो. ७५ मिमीवर बसवलेला स्प्लिटर त्या क्षणी जमिनीपासून १५ मिमीवर असतो. तुमची गाडी किती दबते हे शोधायला शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्याला केबल टाय बांधून चार फेऱ्या मारा. टाय कुठवर सरकला ते मोजा. कोन सपाट ठेवा, फार तर ओठ मागच्या कडेपेक्षा तीन-चार मिमी खाली. नाक वर असलेला स्प्लिटर मात्र नको. खाली शिरलेली हवा तो उचलायला लागते.

कापून झाल्यावर ओठाची खालची कड गोल करा, रूटरला ९ मिमी गोलाईचा बिट लावून. वरची तशीच राहू द्या. खालून जाणाऱ्या हवेला वळायला गोलाई लागते. धारदार कड असली तर हवा फळीपासून सुटते आणि ओढ कमी होते. मग दोन्ही बाजूंना पातळ इपॉक्सीचे दोन हात, कडांना तीन, कारण कडा पाणी पितात. बोल्टची भोकं मोठी पाडा, इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातच खऱ्या मापाची भोकं पाडा. दोनदा भोकं पाडायचा कंटाळा करणाऱ्यांचा प्लाय पहिल्या पावसात भोकापासून फुगतो, हे मी ग्राहकांच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं बघतोय.

ब्रॅकेटकडे येऊ. बंपरचं कव्हर पूर्ण काढा. आत दोन चॅसी रेल, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे लांब दांडे, आणि त्यांना जोडणारा आडवा क्रॅश बीम दिसेल. रेलच्या टोकांपासून खाली २५ मिमी चौकोनी पाइपचे दोन पाय आणा, जाडी २ मिमी, आणि खाली आडवा पाइप जोडा. फळी या आडव्या पाइपला एम८ बोल्टने. खालून मोठे चपटे वॉशर, वर नायलॉक नट, आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने न सुटणारा. मागची कड सबफ्रेमला, म्हणजे इंजिनखालच्या पोलादी चौकटीला, दोन ठिकाणी. पुढच्या ओठाला क्रॅश बीमपासून दोन आधारदांड्या द्या, दोन्ही टोकांना रॉड एंड (आट्याचा, फिरणारा सांधा), एक उजव्या आट्याचा आणि एक डाव्या, म्हणजे दांडी फिरवून ताण जुळवता येतो. काही जण दांडीऐवजी पोलादी तार लावतात. तार खालची ओढ धरते आणि कर्ब लागला की फळीला वर वाकू देते. तुमच्या ट्रॅकचे कर्ब उंच असतील तर तार बरी. मी दांड्यांवर आहे, कारण मी कर्बवर चढत नाही. मुलगा म्हणतो म्हणूनच मी हळू आहे.

खालच्या बाजूला घासायची ठिकाणं दोन: ओठाचे कोपरे. तिथे नायलॉनच्या पट्ट्या बसवा, स्क्रूची डोकी आत बुडवून.

बंपर आणि फळी यांच्यातली फट बंद करायची विसरू नका. वरचा दाब त्या फटीतून निसटला तर एवढी मेहनत कशासाठी केली? दीड मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा उभा लावा आणि बंपरच्या बाजूला रबरी फोमची पट्टी. पत्रा फळीला बोल्ट करा, बंपरला नुसता टेकू द्या. रेडिएटरकडे जाणारं तोंड मोकळं आहे ना ते बघा; पहिल्या दिवशी डोळा पाण्याच्या तापमानावर.

आणि मागचं काय? पुढची पकड वाढवली, मागे काहीच केलं नाही, तर वेगाच्या वळणात मागचा भाग सटकतो. संथ वळणात काही कळत नाही, म्हणून माणूस फसतो. १९७३ च्या बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलला पुढे एअर डॅम (बंपरखालचा हवा अडवणारा उभा ओठ) होता तसा मागे उंच विंगही होता. जर्मनीत रस्त्यावर तो विंग चालत नव्हता म्हणून कंपनी तो डिकीत ठेवून गाडी द्यायची, पण द्यायची. मागे विंग येईपर्यंत माझा ओठ मी ५ सेंटिमीटरच बाहेर ठेवला होता.

फेंडर फ्लेअर म्हणजे रुंद चाक झाकायला फेंडरवर, चाकावरच्या पत्र्यावर, बसवलेली बाहेर आलेली कमान. तिचं काम वेगळ्या स्वभावाचं आहे. इथे करवत नाही, चिकट हात.

सुरुवात कमानीच्या आकारापासून करू नका, चाकाच्या हालचालीपासून करा. स्प्रिंग काढा, शॉक ॲब्सॉर्बर परत लावा, रुंद चाक चढवा आणि जॅकने हब (चाक बसतं तो मधला भाग) बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरापर्यंत, उचला. आता स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. चाक कुठे कुठे येतं ते खडूने फेंडरवर काढा आणि बाहेर १५ मिमी जागा सोडा. हीच तुमची कापायची रेघ. उभ्या गाडीवर डोळ्याने काढलेली कमान सुंदर असते आणि पहिल्या दाबलेल्या वळणात टायर खाते.

पुढचे फेंडर बहुधा बोल्टचे असतात, चुकलं तर बदलता येतात. मागे जपून. तिथे बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे कडेला स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. कापलं की दोन्हींमधली फट उघडी पडते आणि पाणी थेट आत. आतल्या पत्र्याला दर तीन-चार सेंटिमीटरला उभे काप द्या, पाकळ्या बाहेर वाकवून बाहेरच्या पत्र्याला टेकवा, वेल्ड करा, वर सीम सीलर आणि गंजरोधक प्रायमर. वेल्डिंगआधी बॅटरी काढा आणि त्या बाजूला इंधनाची नळी जाते का ते बघा. जात असेल तर हे काम जाणकाराकडे द्या.

आता आकार. फेंडरवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, त्यावर रिलीज वॅक्सचे, म्हणजे रेझिन चिकटू न देणाऱ्या मेणाचे, चार हात. त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) फोमचे ठोकळे चिकटवून कोरा. थर्माकोल घेऊ नका. मी घेतला होता. पॉलिएस्टर रेझिन लावलं आणि दोन संध्याकाळी घासून केलेली कमान डोळ्यांदेखत बर्फासारखी विरघळली. या रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल खातं. फोम मात्र टिकतो. दुसऱ्या बाजूची कमान जुळवायला पहिलीवर पाच ठिकाणी पुठ्ठ्याचे आडवे छेद काढा आणि उलटे करून पलीकडे लावत जा. कोपरे कमीत कमी ८ मिमी गोलाईचे ठेवा; मॅट धारदार कोपऱ्यात बसत नाही, हवेचा फुगा राहतो. कोरून झालं की फोमवरही तीच चिकटपट्टी. कमानीच्या वरच्या कडेला फेंडरवर ३ सेंटिमीटर पट्टा फायबरचाच येऊ द्या, बोल्ट त्यातून जातील.

चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक तंतूंची चादर, तीन थर. एक थर साधारण एक मिमी जाडी देतो. बोल्टच्या पट्ट्यावर चौथा थर. मॅट कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू शेजारच्या तुकड्यात मिसळतात आणि सांधा दिसत नाही. मॅटच्या वजनाच्या सव्वादोनपट रेझिन धरा. हार्डनर दीड टक्का, म्हणजे ५०० ग्रॅमला साडेसात ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. एका वेळी तीनशे-चारशे ग्रॅमच कालवा; जास्त रेझिन डब्यात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडतं. ब्रश आपटत, रोलर फिरवत मॅट पारदर्शक होईपर्यंत हवा काढा. इपॉक्सी वापरायचं असेल तर ही मॅट नको, विणलेलं कापड घ्या. मॅटला धरून ठेवणारा चिकट पदार्थ सहसा स्टायरीनमध्येच विरघळतो, इपॉक्सीत ती ताठच राहते.

हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्मा ओतण्याआधी चढवा. रेझिन लवकर घट्ट करणारा कोबाल्ट ॲक्सिलरेटर सुटा मिळाला असेल तर तो आधी रेझिनमध्ये मिसळा, हार्डनर नंतर. हे दोन एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो. सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क, आणि घासताना धुळीचा.

रेझिन घट्ट झालं पण अजून चामड्यासारखं आहे अशी एक वेळ येते, वीस-तीस मिनिटांची. तेव्हा धारदार पात्याने कडा कापून घ्या. ती वेळ हुकली की दुसऱ्या दिवशी ग्राइंडर आणि अंगभर खाज.

एक दिवसाने कमान उचला, आतला फोम खरवडा, वर पुट्टी, ८०, मग १८०, मग ३२० चा पेपर, मग प्रायमर. फेंडरमध्ये दर १२ सेंटिमीटरला एम६ रिव्हनट (पत्र्यात रिव्हेटसारखा दाबून बसवायचा नट) बसवा, फायबरमधली भोकं एक मिमी मोठी, मध्ये रबरी बीडिंग. कायमची चिकटवू नका. ट्रॅकवर कोणी तरी घासून जाणारच. कमानीची मागची बाजू बंद करू नका. चाकाने कोंडलेली हवा गाडीला वर ढकलते, तिला तिथून निघायला वाट हवी.

पहिल्या सेशनला सगळ्या बोल्टवर रंगाच्या पेनने एक रेघ मारा. तीन फेऱ्या अर्ध्या वेगाने, आत या, खाली झोपून बघा. रेघ तुटली असेल तर तो नट फिरला. नायलॉनच्या पट्ट्या एकाच बाजूला घासल्या असतील तर आधारदांड्यांचा ताण आणि चारही कोपऱ्यांची उंची तपासा. फायबरच्या आत काळा डाग दिसला तर टायर लागलाय, तिथे ग्राइंडर फिरवा.

आणि तो पुठ्ठ्याचा साचा फेकण्याआधी त्याच्यावरून ६ मिमी प्लायचा एक कापून भिंतीला टांगून ठेवा, भोकांसकट. माझ्या गाडीखाली आत्ता आहे तो चौथा स्प्लिटर.