कार्यालयाचे रंगकाम: छटा आणि फिनिश निवडताना या चुका टाळा

मुंबईत कार्यालयासाठी जागा भाड्याने घेतली की अंतर्गत कामांसाठी मालकाकडून मिळणारी बिनभाड्याची मुदत बहुधा अपुरीच पडते, आणि सुतारकाम, वीजकाम व वातानुकूलनाची कामे उरकल्यावर जे काही दिवस शिल्लक राहतात ते रंगाच्या वाट्याला येतात. शेड कार्ड मात्र पहिल्याच बैठकीत टेबलावर आलेले असते. परिणामी छटा सर्वांत आधी ठरते, फिनिश, म्हणजे वाळलेल्या रंगाची चकाकी, कंत्राटदार ठरवतो आणि भिंतीची अवस्था कोणीच पाहत नाही. रंगकामाच्या बहुतेक तक्रारी या उलट्या क्रमातून उद्भवतात. आधी भिंत पाहावी, मग तिच्यावर पडणारा प्रकाश, मग त्या जागेचा वापर. त्यावरून फिनिश ठरवावे आणि छटेचा निर्णय शेवटी घ्यावा.

ओल असलेल्या भिंतीवर रंग चढवणे

हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंग लावू नये, हा रंगकामातला सर्वमान्य संकेत आहे, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्याहून मोठा प्रश्न भिंतीच्या आत मुरलेल्या पाण्याचा असतो. समुद्राकडून येणारा पाऊस थेट झेलणाऱ्या पश्चिमेकडील भिंतींच्या बाहेरच्या गिलाव्याला बारीक भेगा असतील, तर आत शिरलेली ओल पाऊस थांबताच नाहीशी होत नाही. दिवाळीपूर्वी कार्यालय नवे दिसावे म्हणून सप्टेंबरअखेरीस काम काढले जाते, ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वरवर कोरडी वाटते आणि आतले पाणी मात्र नव्या इमल्शनच्या, म्हणजे पाण्यावर आधारित भिंतरंगाच्या, थराला आतून ढकलत राहते. मग फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि पांढरे क्षार वर येऊन भिंतीला लोणा लागतो.

अशा भिंतीवर रंगाचा आणखी एक हात मारणे हा उपाय नव्हे. पाणी कोठून येते ते आधी शोधावे. बाहेरची भेग, खिडकीच्या चौकटीभोवतीचे निघालेले सीलंट किंवा वरच्या मजल्यावरील स्वच्छतागृहाची गळती यांपैकी काहीतरी हमखास सापडते. ते दुरुस्त करून सैल झालेला गिलावा काढावा आणि क्षार कोरड्या ब्रशने झाडून टाकावेत, कारण पाण्याने धुतल्यास ते विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. भिंत पूर्ण वाळल्यावरच क्षाररोधक प्रायमर लावावा. ती वाळली आहे की नाही हे पाहण्यासाठी साधारण दीड फूट चौरस आकाराचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवून किमान १६ तास ठेवावा. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमले किंवा प्लास्टिकखालची भिंत काळवंडली, तर थांबणे भाग आहे.

सिमेंटच्या नव्या गिलाव्याला साधारण २८ दिवस द्यावेत. जिप्सम प्लास्टरवर सिमेंटसारखे पाणी मारावे लागत नाही, म्हणून ते लवकर रंगवता येते हे खरे. परंतु लवकर याचा अर्थ दुसऱ्या दिवशी असा नाही. फोर्ट परिसरातील जुन्या दगडी इमारतींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तेथील अनेक भिंतींचा गिलावा चुन्याचा असून तो ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो. त्यावर जाड प्लास्टिक इमल्शन किंवा तेलरंग चढवल्यास ओलीची वाट बंद होते आणि गिलाव्यासकट रंग निखळतो. अशा ठिकाणी वाफ आरपार जाऊ देणारा चुन्याचा किंवा सिलिकेट प्रकारचा रंगच योग्य ठरतो, आणि वारसा यादीतील इमारत असेल तर काम हाती घेण्यापूर्वी कोणकोणती परवानगी लागते याचीही चौकशी करावी.

एसीच्या ग्रिलभोवती दिसणारे काळे ठिपके हा या शहरातील कार्यालयांचा नेहमीचा दोष आहे. थंड पृष्ठभागावर दमट हवा पोहोचली की तेथे दव जमते आणि बुरशी वाढते. वर नुसता रंग लावल्यास ती काही आठवड्यांत पुन्हा डोके वर काढते. बुरशीनाशक द्रावणाने जागा पुसून वाळवावी, बुरशीरोधक प्रायमर लावावा आणि मुख्य म्हणजे डक्टचे इन्सुलेशन तपासून घ्यावे, कारण दव जमणे थांबले नाही तर कोणताही रंग टिकणार नाही.

दुकानातल्या प्रकाशात छटा ठरवणे

शेड कार्डावरचा चौकोन टपाल तिकिटाएवढा असतो आणि भिंत चाळीस फुटांची. मोठ्या पृष्ठभागावर तीच छटा अधिक गडद आणि भडक वाटते. त्यामुळे पसंतीच्या दोन-तीन छटांचे नमुने दोन फूट चौरस बोर्डांवर, प्रत्यक्ष लावायच्या फिनिशमध्ये आणि रंगाचे दोन हात देऊन तयार करून घ्यावेत. ते बोर्ड खिडकीजवळच्या आणि आतल्या अशा दोन्ही भिंतींवर टेकवून सकाळी, दुपारी व दिवे लावल्यानंतर पाहावेत. थेट भिंतीवर नमुना लावल्यास जुन्या रंगाशी तुलना होत राहते आणि नजर फसते.

वांद्रे-कुर्ला संकुलातील किंवा लोअर परळच्या मनोऱ्यांतील काचेच्या दर्शनी भिंतींमुळे आणखी एक गुंतागुंत निर्माण होते. उष्णता अडवणाऱ्या अनेक काचांना किंचित हिरवी वा निळी झाक असते आणि त्यांतून आलेला दिवसाचा प्रकाश भिंतींनाही तीच झाक देतो. दुकानात ऊबदार वाटलेली बदामी छटा अशा प्रकाशात मळकट दिसते, करडी छटा निळसर होते. दिव्यांचेही तसेच आहे. ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा, ४००० केल्व्हिनचा मध्यम पांढरा आणि ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा यांच्याखाली एकच रंग तीन निराळे रंग वाटू शकतात. म्हणून दिव्यांची खरेदी पक्की होण्यापूर्वी छटा पक्की करू नये. काही इमारतींत घासकामासारखी धुळीची आणि वासाची कामे रात्रीच करू दिली जातात. तेथे तात्पुरत्या हॅलोजनच्या उजेडात मंजूर झालेला नमुना सकाळी पुन्हा पाहिल्याशिवाय सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चांगल्या कंपन्यांच्या शेड कार्डांवर किंवा संकेतस्थळांवर प्रत्येक छटेचे एलआरव्ही, म्हणजे प्रकाश परावर्तनाचे मूल्य, ० ते १०० या मापात दिलेले असते. छतासाठी ते ८०च्या आसपास किंवा अधिक आणि काम चालते त्या दालनाच्या भिंतींसाठी साधारण ५० ते ७० असणे सोयीचे ठरते. फॉल्स सीलिंग न करता वरचे पाइप, डक्ट आणि स्लॅब सरसकट काळे रंगवण्याची सध्या चाल पडली आहे. ते छायाचित्रात छान दिसते, पण छतावरून परतणारा प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो, टेबलावर पुरेसा उजेड मिळवण्यासाठी दिवे वाढवावे लागतात आणि काळ्या डक्टवर साचलेली धूळ खालूनही दिसते. उघडे छत हवेच असेल तर फिकट करडा किंवा पांढरा रंग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. उलट, भिंत आणि दरवाजा दोन्ही एकाच छटेत बुडवू नयेत. कमी दिसणाऱ्या व्यक्तींना दरवाजा ओळखता यावा म्हणून दोहोंच्या एलआरव्हीमध्ये सुमारे ३०चा फरक ठेवण्याचा ब्रिटिश संकेत आपल्याकडेही पाळण्याजोगा आहे.

सगळीकडे एकच फिनिश

चकाकी जितकी जास्त तितकी भिंत धुण्यास सोपी, आणि तितकेच तिचे उंचसखलपण उघडे पडते. या एका नियमाकडे दुर्लक्ष झाल्याने ‘धुता येईल’ या हमीवर संपूर्ण कार्यालय सॅटिन किंवा ग्लॉसमध्ये रंगवले जाते. खिडकीलगतच्या लांब भिंतीवर तिरपा प्रकाश पडला की पुट्टीची प्रत्येक लाट, जिप्सम बोर्डाचा प्रत्येक सांधा डोळ्यांत भरतो. मग रंगाऱ्याला दोष दिला जातो. वास्तविक अशा भिंतीला एकतर मॅट फिनिश द्यावे, नाहीतर पुट्टी आणि घासकाम यांवर अधिक खर्च करून घासणी चालू असतानाच बाजूने टॉर्च धरून भिंत तपासावी.

याच्या उलट चूक मार्गिकांत आणि पॅन्ट्रीत होते. तेथे बॅगा घासतात, खुर्च्या आपटतात, चहाचे शिंतोडे उडतात. साध्या मॅटवर ओला फडका जोरात फिरवला की घासलेली जागा चकाकू लागते आणि डाग गेला तरी चट्टा राहतो. अशा जागी सॅटिन किंवा अधिक घासणी सहन करणारे इमल्शन, आणि खुर्चीच्या पाठीच्या उंचीवर संरक्षक पट्टी असावी. गडद मॅट भिंत तर रहदारीच्या जागी टाळावीच, कारण नखाचाही ओरखडा तिच्यावर पांढरा उमटतो. व्हिडिओ बैठकांच्या खोलीत कॅमेऱ्यासमोरील आणि बसणाऱ्यांच्या मागील भिंतीला चकाकी नको, भडक रंगही नको. त्याची झाक चेहऱ्यावर पडते. स्टोअररूम किंवा जिन्याच्या अंधाऱ्या भागातील दरवाज्यांना तेलाधारित पांढरा इनॅमल लावू नये, तो उजेडाअभावी पिवळा पडतो. पाण्यावर आधारित इनॅमल तेथे बरा.

रिसेप्शनमागच्या भिंतीवर कंपनीचा बोधरंग हवा असतो. छपाईसाठीचा पॅन्टोन क्रमांक रंगाच्या दुकानात दिला म्हणून तंतोतंत तोच रंग मिळेल असे नाही. कागदावरील शाई आणि भिंतीवरील इमल्शन यांची रंगद्रव्ये निराळी असतात, म्हणून जवळची छटा नमुना करूनच मान्य करावी. लाल आणि पिवळ्या रंगांची झाकण्याची शक्ती कमी असते. त्यांच्याखाली पांढऱ्याऐवजी उत्पादकाने सुचवलेल्या राखाडी किंवा रंगीत छटेचा थर दिल्यास चार-पाच हात मारण्याची वेळ येत नाही.

पाणी, बॅच आणि घाई

डब्यावर छापलेल्या प्रमाणापेक्षा जास्त पाणी मिसळले की डबा पुरवठ्याला येतो आणि रंग पातळ पडतो; नंतर दोन हातांतही खालची पुट्टी दिसत राहते. निविदेत हातांच्या संख्येबरोबर डब्यांची अपेक्षित संख्याही लिहून घेतली, तर हा प्रश्न बराच सुटतो. एका भिंतीसाठी वेगवेगळ्या वेळी टिंट केलेले, म्हणजे रंगद्रव्य मिसळून छटा बनवलेले, डबे वापरायचे असतील, तर ते मोठ्या पिंपात एकत्र मिसळून घ्यावेत, अन्यथा भिंतीच्या मध्यभागी छटेचा जोड दिसतो. दोन हातांमधील तासांची मर्यादा पाळावी. वरचा थर बोटाला कोरडा लागला तरी इमल्शन पूर्ण घट्ट होण्यास काही आठवडे लागतात आणि तोवर भिंत घासून पुसू नये. रंगकाम सुरू असताना एसी चालू ठेवल्यास घासकामाची धूळ फिल्टरमध्ये जाऊन पुढे महिनाभर टेबलांवर उतरत राहते, तेव्हा परतीच्या हवेचे ग्रिल झाकून घेणे विसरू नये.

खरेदी करताना शिसे आणि बाष्पनशील संयुगे (व्हीओसी) यांकडेही लक्ष द्यावे. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक शिसे असण्यास मनाई आहे. बंद काचांच्या इमारतींत सोमवारी कर्मचारी परतणार असतील, तर कमी व्हीओसीचा रंग निवडून शनिवार-रविवार ताज्या हवेचा पुरवठा सुरू ठेवावा.

काम संपताना प्रत्येक भिंतीची छटा, फिनिश, बेस (ज्यात रंगद्रव्य मिसळतात तो मूळ रंग) आणि बॅच क्रमांक लिहून घ्यावेत आणि उरलेला रंग छोट्या, काठोकाठ भरलेल्या बंद डब्यांत नाव लिहून ठेवावा. पुढे चट्टा पडला की मॅट भिंतीवर तेवढाच भाग हलक्या हाताने सावरता येतो. सॅटिनवर मात्र चट्ट्यापुरता टच-अप न करता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत पुन्हा रंगवावी.