विडीचा दोरा दिसेनासा झाला की जवळचा चष्मा कसा घ्यायचा

विडी वळणारी बाई चाळिशी ओलांडली की सूप हळूहळू मांडीवरून गुडघ्याकडे सरकवते. पानाची शीर नीट दिसत नाही, दोऱ्याचं टोक सापडत नाही, विड्या बाद निघायला लागतात. मी सोलापुरात अशा वस्तीत आशा म्हणून काम करते. ‘आता हात चालत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी मावश्यांचे हात ठणठणीत असतात, नसतो तो जवळचा चष्मा. तुमच्या घरात आई, सासू, आत्या असं म्हणत असेल तर पुढचं वाचा.

आधी लांबचं बघा. तिला दारात उभं करा, एक डोळा तळहाताने झाकायला सांगा, दाबायचा नाही. समोरच्या दुकानाची पाटी वाचता येते का? अक्षरओळख नसेल तर खांबावरच्या तारा मोजायला सांगा. मग दुसरा डोळा. लांबचं पुसट असेल किंवा दोन डोळ्यांत फरक असेल, तर दुकानातला तयार चष्मा घेऊ नका. त्याच्या दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात आणि तिरका नंबर, म्हणजे एकाच डोळ्याला आडव्या-उभ्या दिशेत वेगळा लागणारा, त्यात नसतोच. अशा वेळी तपासणी करूनच चष्मा बनवायचा.

लांबचं दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत असेल तर शे-दोनशे रुपयांचा तयार चष्मा चालतो. फक्त दुकानात जाताना कामाचं सामान बरोबर न्या: दोरा, एक पान, कात्री, गोळ्यांचं पाकीट. वर्तमानपत्र वाचून घेतलेला नंबर विडीला बरोबर बसेलच असं नाही, कारण अंतर वेगळं असतं. वय वाढलं की +3 च्या चष्म्यातून साधारण 33 सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं, +2.50 मधून 40, +2 मधून अर्ध्या मीटरवरचं. म्हणून घरीच, ती नेहमीसारखी बसलेली असताना, डोळ्यापासून बोटांपर्यंत टेप लावा. दुकानाच्या दारात उजेडात उभं राहून +1 पासून सुरुवात करा, पाव-पाव नंबर चढवा आणि जिथे दोरा पहिल्यांदा स्वच्छ दिसतो तिथेच थांबा. ‘जरा जास्तीचा घ्या, पुढे लागेल’ असं दुकानदार म्हणाला तरी घेऊ नका. मान वाकवून काम करावं लागतं आणि डोकं धरतं. पंचेचाळिशीत बहुतेकांना +1 ते +1.50 पुरतो, साठीत +2.50 च्या आसपास.

चष्म्यामुळे नंबर वाढतो ही भीती खोटी आहे. डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक होत जातं, चष्मा घाला किंवा घालू नका. आणि चष्म्याने काय होतं ते आसामच्या चहामळ्यांत तपासलेलं आहे: 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळचा चष्मा मिळालेल्या चाळिशीपुढच्या मजुरांची पानतोडणी, चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. ज्यांची मजुरी नगावर आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

पैसे नसतील तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात नेत्र विभागात जा, नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात गरजू वृद्धांना जवळचे चष्मे मोफत देण्याची तरतूद आहे. आधार कार्ड बरोबर ठेवा आणि चष्म्याचं तुम्हीच विचारा.

चष्मा घालून चालायचं नाही, जिना तर नाहीच. पायरी पुसट दिसते. गळ्यात दोरी लावून द्या.

मधुमेह असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल, डोळा दुखत किंवा लाल होत असेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर चष्म्याच्या दुकानाआधी डॉक्टर. अचानक दिसेनासं झालं तर त्याच दिवशी. आणि साठीची मावशी आनंदाने म्हणाली, ‘आता मला चष्म्याशिवायच दिसतंय!’ तर तिलाही घेऊन जा. मोतीबिंदू पिकत असताना असं होतं.